दुसरी फेरी

भोपळे आधी येतात. सप्टेंबर सरत आला की न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या रस्त्यावर घराघराच्या पायरीवर नारिंगी भोपळे येऊन बसतात, आणि निवडणुकीचं वर्ष असलं की त्यांच्या मागोमाग हिरवळीत रोवलेल्या उमेदवारांच्या पाट्या. पाट्यांवर पाऊस पडतो, मेपलची ओली पानं नावांवर चिकटतात, एखादी पाटी वाऱ्यानं वाकून शेजारच्या विरोधी पक्षाच्या पाटीला टेकते. घरातला हीटर त्या हंगामात पहिल्यांदा सुरू होतो आणि जमिनीतल्या जाळीतून साठलेली धूळ भाजल्याचा वास येतो. त्याच सुमाराला सूनबाई चकलीची भाजणी काढते. भाजलेली धूळ आणि भाजणी. हे दोन वास घरात एकत्र फिरायला लागले की मी वरच्या खोलीत जाऊन बसतो.

"बाबांना थंडी सोसत नाही हल्ली," असं सूनबाई आल्यागेल्याला सांगते. मी सांगू देतो.

थंडीचं काही नाही. दोन हजार आठची पानगळ माझ्या अंगातून अजून गेलेली नाही, एवढंच. त्या पानगळीतली एक गोष्ट आमच्या इथल्या मराठी मंडळात माझ्या नावावर सांगितली जाते. एका म्हाताऱ्या, काळ्या शेजारणीला मी माझ्या गाडीतून मतदानाला नेलं, तेही त्या ऐतिहासिक निवडणुकीत, अशी ती गोष्ट. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं असं म्हणतात. गोष्ट चांगली आहे. फक्त ती घडलेली नाही. मी तिला नेलं नाही.

तिचं नाव मिस लोरेन. तिच्याकडच्या दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईला अशीच हाक मारतात, म्हणून आम्हीही तशीच मारायचो. आमचा रस्ता पुढे बंद होतो आणि तिचं घर तोंडाशी, कोपऱ्यावर. बाहेर पडायचं तर तिच्या पोर्चसमोरूनच जावं लागतं. पोर्चवर पांढऱ्या रंगाची वेताची खुर्ची, तिच्यावर चौकड्यांची उशी, आणि त्यावर मिस लोरेन. आम्ही इथे मुलाकडे राहायला आलो तेव्हा तिची सत्तरी उलटून गेलेली होती. जन्म अलाबामातला, दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणाऱ्याच्या घरातला. पुढे न्यू जर्सीत येऊन तिनं इस्पितळात आयुष्यभर रुग्णांची अंगं पुसली, चादरी बदलल्या. नवरा गेलेला, मूल नव्हतं. एक भाची जॉर्जियात होती.

आमची ओळख खरी झाली ती दोन हजार एकच्या पानगळीत. ते मनोरे पडल्यानंतरचे दिवस होते. मी आणि राजाभाऊ साठे सकाळी फिरायला जायचो. राजाभाऊ म्हणजे माझा इथला मित्र, मूळचा पुण्याचा, बँकेतून निवृत्त, दोन रस्ते पलीकडे मुलाकडेच राहणारा. एके सकाळी एक ट्रक आमच्या शेजारी हळू झाला, काच खाली झाली, आणि आतल्या पोरांनी आम्हाला आमच्या देशात परत जा असं, बऱ्याच घाण शब्दांत, सांगितलं. राजाभाऊ घरापर्यंत भराभर चालत आला. मग म्हणाला, "टोपी बदल तू. त्या लोकरीच्या टोपीत तू अतिरेकी दिसतोस." हसलो आम्ही, पण दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

मी एकटाच निघालो. कोपऱ्यावर मिस लोरेन पोर्चच्या पायऱ्या उतरत होती, अंगात कोट, पायात पांढरे बूट.

"मिस्टर के," ती म्हणाली, "डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय. तुमच्याबरोबर येऊ का?"

ती इंग्रजीत बोलायची; तिचं बोलणं मी माझ्या मराठीत लिहितो आहे. तिचा तो लांबवलेला, गुळाच्या पाकासारखा स्वर काही मला लिहिता येणार नाही.

त्या पूर्ण हिवाळ्यात ती माझ्याबरोबर चालली. रस्त्याच्या बाजूनं ती, आतल्या बाजूनं मी. गाडी मागून आली की तिची चाल किंचित बदलायची, खांदे वर यायचे. मला वाटायचं, बाईंना व्यायामाची आवड आहे. उन्हाळा आला, लोकांची डोकी थोडी निवली, आणि एक दिवस तिनं सांगितलं की गुडघे आता चालू देत नाहीत. ते गुडघे आधीपासूनच तसे होते, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही तिच्याशी कसे वागलो? वाईट वागलो असं कुणीच म्हणणार नाही. दिवाळीला सुमन, माझी बायको, तिला फराळ द्यायची. कागदी ताटलीत, वर चांदीचा कागद लावून, दारातच. घरात पंचवीस माणसं जेवायला असायची, खाली तळघरात सतरंज्या पडलेल्या, मंडळाची गाणी चाललेली. पण "या ना, बसा," असं आमच्यापैकी कुणाच्या तोंडून निघालं नाही. "तिला काय कळणार आपलं," सुमन म्हणायची. "उगाच अवघडून बसेल बिचारी." अवघडलं कोण असतं, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नाही.

मी दोन हजार सातमध्ये अमेरिकेचा नागरिक झालो. हात वर करून शपथ घेतली, छोटा कागदी झेंडा मिळाला. पुढच्या वर्षीच्या पानगळीत सगळा देश निवडणुकीनं तापला होता. आमच्या मराठी म्हाताऱ्यांच्या गटातली मतं फुटलेली होती, बहुतेक त्या काळ्या उमेदवाराच्या बाजूची. राजाभाऊ म्हणायचा, "माणूस हुशार आहे, बोलतो छान. आणि खरं सांगू का, तसा तो त्यांच्यातला वाटतच नाही." ही स्तुती होती. आम्ही सगळे माना डोलवायचो. मीही.

ऑक्टोबरात, ऊन असलं की, मी मिस लोरेनच्या पोर्चवर जाऊन बसायचो. समोरच्या मेपलची पानं सुटायची, गिरक्या घेत खाली यायची, खाली आल्यावरही थोडी सरकायची. एका दुपारी मी तिला विचारलं, पहिलं मत कधी दिलंत?



"पस्तिशी उलटली होती माझी," ती म्हणाली. "काळ्यांना मत देऊ द्या असा कायदा झाला होता. पण कायदा झाला म्हणून काय झालं, रस्ता तोच, दुकान तेच, पोलिसांचा शेरीफ तोच. एकट्यानं जायचं नाही, हे आधी ठरलं. आपण शेजाऱ्याकडे जायचं. विचारायचं, तू येतोस का माझ्याबरोबर? तो हो म्हणाला की दोघांनी मिळून तिसऱ्या घरी जायचं."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर त्याला दोष नाही. हो म्हणणं म्हणजे स्वतःचं घर पणाला लावणं होतं." तिनं झग्यावरचं पान उचलून खाली टाकलं. "आम्ही सगळे एका रांगेत गेलो. माझ्या आईला वाटेत चक्कर आली, तरी ती परत फिरली नाही. त्या वर्षी पीक निघाल्यावर मालकानं वडिलांकडून जमीन काढून घेतली. म्हणून तर मी इथे आले, मिस्टर के. नाहीतर तुम्हाला कुठे भेटले असते?"

आणि ती हसली.

मलाही काही तरी सांगायचं होतं. मी तिला आमच्या गावातली पहिली निवडणूक सांगितली. स्वतंत्र भारताची पहिलीच निवडणूक, मी तेव्हा शाळकरी. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव, शाळेत मतपेट्या ठेवलेल्या, पेट्यांवर चित्रं चिकटवलेली, बायका नवी लुगडी नेसून आलेल्या. आमच्याकडे कुणाला लढावं लागलं नाही, मी म्हणालो, एका दिवसात सगळ्यांना मत मिळालं. गरीब, श्रीमंत, वरचे, खालचे.

"सगळे एकत्र गेले?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

खरं असं की माझे वडील गावचे कुलकर्णी होते आणि आदल्या संध्याकाळी त्यांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीत निरोप धाडला होता: सकाळी गर्दी करू नका, गावातल्यांचं उरकलं की दुपारून या. ते दुपारून आले. शाळेच्या आवाराबाहेर लिंबाखाली बसले. गावातल्यांचं लवकर उरकलं नाही. सगळ्यांचं मतदान झालं की नाही, मला माहीत नाही, कारण मला घरी जेवायला बोलावलं होतं. वडील मात्र मरेपर्यंत सांगायचे, आमच्या गावात शंभर टक्के लोकांनी मत दिलं. मीही तेच सांगत आलो. त्या दुपारी पोर्चवरही तेच सांगितलं.

निवडणुकीच्या आधीच्या रविवारी मिस लोरेन चर्चमधून आल्यावर मला हाक मारून म्हणाली, "मंगळवारी चर्चची गाडी म्हाताऱ्यांना न्यायला येणार आहे. मी त्यांना नको म्हणून सांगितलं. मी तुमच्याबरोबर जाणार. चालेल ना?"

मला अभिमान वाटला. आमच्या गटातला गाडी चालवणारा मी एकटाच म्हातारा. मुलगा आगगाडीनं शहरात कामाला जायचा, त्याची मोठी सात जणांची गाडी दिवसभर माझ्याकडे. "अर्थात," मी म्हणालो. "दहा वाजता. तुम्हाला दारातून घेतो."

"तुमची पहिली वेळ," ती म्हणाली.

"छे, मी भारतात कितीदा तरी मत दिलंय."

"ते तिकडचं. इथली ही पहिलीच."

मी हसून सोडून दिलं.

दिवाळी नुकतीच झाली होती. डब्यांच्या तळाशी चिवडा आणि शेवेचा चुरा उरला होता. सोमवारी राजाभाऊचा फोन आला. उद्या किती वाजता निघायचं, म्हणाला. तो आणि कुमुदवहिनी, नागपूरचे दामले पतीपत्नी, सुमन आणि मी, असे आम्ही सहा जण एकत्र जाणार, हे महिनाभर आधी ठरलेलं होतं. मी त्याला सांगितलं की मिस लोरेनही येणार आहे. एक सीट आहेच.



"अरे, आपल्यात कशाला तिला?" राजाभाऊ म्हणाला. "म्हणजे माझं काही म्हणणं नाही. पण मराठीत बोललो तर तिला वाईट वाटणार, इंग्रजीत बोललो तर कुमुद आणि दामलेवहिनी मुक्या बसणार. वर्षातून एकदा सगळे निघतोय, जरा मोकळेपणा नको का? आणि ती पुढे बसणार. गुडघे आहेत ना तिचे. मग सुमनवहिनींना मागे कोंबणार तू?"

"मी तिला शब्द दिलाय रे."

"मग शब्द मोडायला कोण सांगतंय? आपलं झालं की घेऊन जा ना तिला. दुसऱ्या पंगतीला."

आम्ही दोघंही हसलो. त्यात काही वावगं आहे असं वाटलंच नाही. पंगती आम्ही जन्मापासून पाहिलेल्या. पहिली घरच्यांची आणि मानाच्या पाहुण्यांची. दुसरी बायकांची, वाढप्यांची. आणि सगळ्यांत शेवटी, अंगणात, बाकीच्यांची. कुणाला उपाशी पाठवायचं नाही, हा आमचा अभिमान. कुणाला कधी बसवलं, हे आम्ही मोजत नव्हतो. एडिसनच्या टापटीप रस्त्यावर, स्वयंचलित दारांच्या गाडीत, मी माझ्याही नकळत पंगत मांडत होतो. तिला फोन करून वेळ बदलल्याचं सांगायला हवं होतं. तेही मी केलं नाही. साडेनऊला निघू, लगेच परत येऊ, तिला कळणारही नाही, असा माझा हिशेब.

मंगळवारी आभाळ भरलेलं होतं, पण हवा ऊबदार होती. सगळे गाडीत बसले. कुमुदवहिनींनी केसांत अबोली माळली होती, खोटी, कापडाची. लग्नाला निघाल्यासारखं वाटत होतं. दामल्यांनी वडीलकीच्या सुरात विचारलं, "सगळ्यांनी ओळखपत्रं घेतली ना?" आणि मी गाडी काढली.

ती पोर्चवर होती. चर्चची जांभळी हॅट, गडद कोट, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. गाडी येताना दिसली तशी ती खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली. उठायला तिला वेळ लागायचा. ती पूर्ण उभी राहीपर्यंत मी तिच्या घरासमोर आलो होतो. तिनं हात वर केला. मी वेग कमी केला नाही. डाव्या हातानं एक खूण केली, नंतर येतो, अशी, बोटं गोल फिरवून. आपण करतो तशी. तिला ती खूण कळायचं काही कारण नव्हतं.

सुमन म्हणाली, "अहो, ती उभी राहिली."

"परत येतोच आहे," मी म्हणालो.

मतदान शाळेच्या व्यायामशाळेत होतं. एवढी रांग मी अमेरिकेत पाहिली नव्हती. ती इमारतीला वळसा घालून गाड्यांच्या तळापर्यंत गेली होती. काठ्या घेतलेले म्हातारे, बाळं कडेवर घेतलेल्या बाया, कामाच्या गणवेशातले लोक, आणि सगळे कसे सणासुदीला भेटल्यासारखे बोलत होते. एक तरुण काळी मुलगी आपल्या आजीला चाकांच्या खुर्चीतून आणत होती. रांगेनं न सांगता तिला पुढे केलं. दामले म्हणाले, "शिस्त आहे हं लोकांना." पडद्याआड गेल्यावर मी बटण दाबलं, छोटा दिवा लागला. मनात काही तरी हललं, हे खरं. बाहेर आलो तेव्हा बराच उशीर झाला होता.

"चल, आता ओक ट्री रोडवर आपल्या देशी हॉटेलात एकेक चहा," राजाभाऊ म्हणाला.

"मला तिला न्यायचंय."

"अरे, आठ वाजेपर्यंत आहे मतदान. कुमुदला किती दिवसांनी बाहेर काढलंय, बघ तरी तिच्याकडे."

कुमुदवहिनींनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही चहा घेतला. चहाबरोबर सामोसे आले. मग दामलेवहिनींना मेथी हवी होती, कोथिंबीर हवी होती, सुमनला आठवलं की पोहे संपलेत. दुकानात माणसं एकमेकांना काय झालं, दिलं का मत, असं विचारत होती. मी ट्रॉली ढकलत होतो. घड्याळाकडे पाहत नव्हतो. म्हणजे, पाहायचं टाळत होतो.

घरी परतलो तेव्हा दुपार कलत होती. पोर्चवर कुणी नव्हतं. खुर्चीवर उशी, उशीवर एक पान.

मला हायसं वाटलं. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. पश्चात्ताप नंतरचा. आधी हायसं वाटलं.

"बेल वाजवून तरी या," सुमन म्हणाली.

"गेली असेल कुणाबरोबर. चर्चची गाडी आली असेल."

चर्चच्या गाडीला तिनं नको म्हटलं होतं, तेही माझ्यासाठी, हे मला माहीत होतं. मी कोथिंबीर निवडायला बसलो. सुमनला आश्चर्य वाटलं. जन्मात मी कधी कोथिंबीर निवडली नव्हती. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. नंतर पडून राहिलो. पाचच्या आत अंधार पडला. खिडकीतून तिच्या बैठकीच्या खोलीतला टीव्हीचा निळसर उजेड दिसत होता, कमीजास्त होणारा. म्हणजे ती घरात होती. मतदान संपायला अजून वेळ होता. शाळा गाडीनं पाच-सात मिनिटांवर. गाडीच्या किल्ल्या दाराजवळच्या खुंटीवर. मला कुणी अडवलं नव्हतं. राजाभाऊ नाही, सुमन नाही, गर्दी नाही. मला फक्त तिच्या दारात उभं राहायचं होतं आणि ती माझ्याकडे बघणार होती. तेवढंच माझ्यानं झालं नाही. पांघरूण वर ओढलं.

रात्री जेवायच्या टेबलावर ईशा, माझी नात, तेव्हा चौथीत, तिनं विचारलं, "आजोबा, डिड यू टेक मिस लोरेन?" घरात सगळ्यांना माहीत होतं, मी तिला नेणार म्हणून. सुमन भाजी वाढत होती. तिचा हात थांबला.

"हो," मी म्हणालो.

सुमननं भाजी वाढली. पुढे कधी, शेवटच्या आजारातसुद्धा, तिनं तो विषय काढला नाही. माझी लाज तिनं माझ्याइतकीच जपली.

तो एक "हो" मग माझ्या हातात राहिला नाही. ईशानं शाळेत सांगितलं. बाईंनी वर्गात सगळ्यांना सांगितलं. सुनेनं मैत्रिणींना सांगितलं. संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळाच्या सूत्रसंचालिकेनं ती गोष्ट रंगवून सांगितली, तिनं पदरचे चार तपशील घातले, आणि मला मंचावर बोलावलं. मी गेलो. नमस्कार केला. वर "त्यात काय, शेजारधर्म," असंही म्हणालो. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसून राजाभाऊही वाजवत होता. त्याला मी त्याच आठवड्यात, फिरताना, जेमतेम सांगितलं होतं की दुसरी फेरी झाली नाही. कार्यक्रमानंतर तिळगूळ देताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "जाऊ दे रे. कार्यक्रमाला रंग चढला." त्यात दुष्टपणा नव्हता. तो मला सांभाळून घेत होता, जसे आपण आपल्यांना घेतो.

आणि मिस लोरेन? निकालाच्या दुसऱ्या सकाळी ती पोर्चवर होती, रोजच्या स्वेटरमध्ये. मला चुकवता येण्यासारखं नव्हतं.

"अभिनंदन," मी म्हणालो.

"तुमचंही, मिस्टर के. दिलंत मत?"

"दिलं."

"सांगा मला. कसं होतं?"

मी सांगितलं. रांग, व्यायामशाळा, पडदा, बटण, दिवा. ती पुढे वाकून ऐकत होती, मध्येच मान हलवत, एखाद्या गावाची खुशाली ऐकावी तशी. तुम्ही गेलात का, हे मी विचारलं नाही. का आलो नाही, हे तिनं विचारलं नाही.

"एकटे गेला होतात?" तिनं विचारलं.

"नाही. मित्र होते."

"हं. मग ठीक आहे," ती म्हणाली. "पहिल्या वेळी कुणी एकटं जाऊ नये."

पुढच्या वसंतात ती गेली. झोपेतच गेली म्हणे. भाची जॉर्जियाहून आली, घर आवरायला लागली. मी भेटायला गेलो. पोर्चवर खोकी होती. भाची मनमोकळी होती, मी कोण हे तिनं विचारलं नाही, रस्त्यावरचा कुणी तरी समजली असेल. बोलता बोलता म्हणाली, एका गोष्टीचं मला अजून कळत नाही. मावशी त्या निवडणुकीत मतदानाला गेलीच नाही. जिनं त्या काळात, तशा जागी मत दिलं, ती या वेळी घरात बसली. मी फोनवर रागावले तिला. चर्चची गाडी होती, मी तिथून सांगून कुणाला तरी पाठवलं असतं. तर म्हणाली, गुडघे दुखत होते. पण त्याआधी रविवारी मला वेगळंच सांगत होती. म्हणाली, चर्चच्या गाडीतून जाता येणार नाही, माझा एक शेजारी आहे, त्याची पहिली वेळ आहे, त्याला न्यायचंय.

त्याला न्यायचंय.

मी तिथून कसा निघालो मला आठवत नाही. मी तिला नेणार, गाडी माझी, उपकार माझे, म्हणून तर त्या उपकारांची वेळ मला मागेपुढे करता आली. आणि ती तिच्या गावच्या रीतीप्रमाणे शेजाऱ्याच्या दारी येऊन विचारत होती, तू येतोस का माझ्याबरोबर? मी हो म्हणालो होतो. दोन हजार एकच्या हिवाळ्यात रस्त्याच्या बाजूनं चालणारी ती बाई मला तेव्हाही नेतच होती. मला चाकांची आणि सीटांची गणितं तेवढी कळत होती.

ईशा यंदा पहिल्यांदा मत देणार आहे. कॉलेजमधून दोन दिवसांसाठी घरी आली, मैत्रिणीला घेऊन आली. स्वयंपाकघरात चिवडा खात मैत्रिणीला म्हणाली, "माझ्या आजोबांची गोष्ट ऐक. आजोबा, तुम्हीच सांगा."

मी सांगितली. जशी झाली तशी. सुरुवातीला ती हसतमुख होती. तिला वाटलं मी विनयानं काही तरी जोडतो आहे. मग तिचा हात वाटीतच राहिला. मैत्रीण हळूच उठून बाहेर गेली.

"माझा कॉलेजसाठीचा निबंध यावर होता, आजोबा," ती इंग्रजीत म्हणाली. "ते लोक म्हणाले, वाचून रडू आलं."



"सॉरी म्हणू नका," ती म्हणाली, मी काही म्हणण्याआधीच. "मला म्हणून काय उपयोग? टाळ्या कुणी वाजवल्या होत्या? त्यांना सांगा ना."

ती उठून गेली. त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी जेमतेम. अजून पूर्ण बोलत नाही. तो हक्क तिचा आहे.

म्हणून हे लिहिलं, आणि मंडळाच्याच अंकाकडे पाठवतो आहे. सुमन नाही, राजाभाऊ नाही, दामले भारतात परत गेले. त्या गाडीतल्यांपैकी इथे उरल्या आहेत फक्त कुमुदवहिनी. त्यांचं नाव यात येणार, म्हणून काल त्यांना फोन केला. काय लिहिलंय ते थोडक्यात सांगितलं, नाव बदलू का विचारलं.

"नका बदलू," त्या म्हणाल्या. "मला आठवते ती. जांभळी हॅट होती. तिनं हात वर केला ना, मला वाटलं आपल्यालाच करतेय, म्हणून मीपण खिडकीतून हात हलवला." मग म्हणाल्या, "पण तुम्ही नंतर नेलंत ना तिला? हे सांगायचे, दुसऱ्या फेरीत नेलं म्हणून."

"नाही वहिनी. दुसरी फेरी झालीच नाही."

पलीकडे त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत होता. तो बंद झाला.

"मग आम्ही टाळ्या कशाला वाजवल्या?" कुमुदवहिनींनी विचारलं.